कुत्र्याच्या सांध्यांसाठी घरचा खाऊ: पंज्यांच्या वड्या, तारलीची बिस्किटं आणि त्यामागचा हिशेब

सांधे धरलेल्या कुत्र्यासाठी घरी खाऊ करायला घेताना ओट्यावर सगळ्यात आधी वजनकाटा ठेवा. हळद, हाडांचा रस्सा, माशाचं तेल हे सगळं त्याच्यामागून येतं. झिजलेल्या सांध्यावर रोज किती भार पडतो, यावर त्या कुत्र्याचं दुखणं फार अवलंबून असतं आणि तो भार कमी करणं पूर्णपणे आपल्या हातात असतं. अमेरिकेत ४८ लॅब्राडोर कुत्र्यांवर झालेला एक दीर्घ अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. एकाच वेतातल्या पिल्लांच्या जोड्या लावल्या आणि जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी अन्न आयुष्यभर दिलं. कमी खाणारी कुत्री जवळपास दोन वर्षं जास्त जगली. सांधेदुखीवर कायमचे उपचारही त्यांना बरेच उशिरा, साधारण तीन वर्षांनी, लागले. आधीच जाड झालेल्या आणि लंगडणाऱ्या कुत्र्यांचं वजन सहा टक्क्यांनी उतरलं तरी चाल सुधारते, असंही दिसून आलं आहे. म्हणजे ३० किलोच्या कुत्र्याचे दोन किलोसुद्धा नाहीत.

म्हणून या लेखातल्या प्रत्येक पदार्थाच्या कॅलरी मोजून दिल्या आहेत. सांध्यांसाठी म्हणून केलेल्या खाऊनंच कुत्रा जाड झाला, तर त्यातल्या औषधी गोष्टींचा काही उपयोग उरत नाही.

खाऊ करण्याआधी

कुत्रा उभा असताना त्याच्या दोन्ही बरगड्यांवरून तळहात अलगद फिरवा. मग स्वतःच्या हाताकडे वळा. बोटं सरळ ठेवून हाताच्या मागच्या बाजूवरून दुसऱ्या हाताची बोटं फिरवली की हाडं हलकेच लागतात. बरगड्या तशा लागल्या तर वजन योग्य आहे. मूठ आवळल्यावर बोटांची पेरं जशी टोचतात तशा लागल्या तर कुत्रा रोडावलाय. तळहाताच्या गादीत जशी हाडं दाबून शोधावी लागतात तसं झालं तर वजन जास्त आहे. वरून पाहिल्यावर कंबर आत गेलेली दिसली पाहिजे. घरी वजन करायला साधा काटा पुरतो. कुत्र्याला उचलून काट्यावर उभे राहा आणि त्यातून आपलं वजन वजा करा. उचलवत नसेल तर दवाखान्यातल्या काट्यावर महिन्यातून एकदा नेऊन आणा, तिथे त्याचे पैसे सहसा घेत नाहीत.

आता डॉक्टरांचा भाग. उठताना ताठरलेला कुत्रा दहा पावलं चालला की मोकळा होतो, जिने चढायला मागेपुढे करतो, सोफ्यावर उडी मारायची सोडतो, थंडीच्या सकाळी जास्त लंगडतो, मनगटाचा सांधा सतत चाटतो, ही झिजेची नेहमीची लक्षणं आहेत. पण लंगडण्याबरोबर ताप असेल, जेवण सुटलं असेल, आज एक पाय तर उद्या दुसरा असं होत असेल, तर आपल्याकडे आधी गोचीड ताप आठवला पाहिजे. गोचिडांमुळे होणाऱ्या आजारांत सांधे सुजतात आणि ते रक्ततपासणी करून औषधानं बरं करायचं दुखणं आहे. तिथे घरच्या रश्श्यात आठवडे घालवू नका. एक पाय अजिबात न टेकवणारा कुत्रा आणि वर्षाच्या आतलं लंगडणारं पिल्लू, ही दोन्ही प्रकरणं सरळ दवाखान्याची.

माणसांच्या वेदनाशामक गोळ्या तर कधीच नाही. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅकनं कुत्र्याच्या पोटात रक्तस्राव होतो, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. पॅरासिटामॉल यकृतावर आणि रक्तावर येतं. कुत्र्यासाठी वेगळी औषधं आहेत आणि त्यांचा डोस वजनावर ठरतो.

दिवसाचा खाऊ किती

नियम असा: दिवसभरातल्या एकूण कॅलरींपैकी खाऊच्या कॅलरी दहा टक्क्यांपेक्षा जास्त नकोत. प्रौढ, फारशी धावपळ नसलेल्या, नसबंदी झालेल्या कुत्र्याचा अंदाज धरला तर १० किलोच्या कुत्र्याला खाऊतून साधारण ५५ कॅलरी, २० किलोच्याला ९०, ३० किलोच्याला १२५. कुत्रा जाड असेल तर जे वजन असायला हवं त्यावरून हिशेब करा, आजच्या वजनावरून नको.

हे आकडे किती लहान आहेत ते बघा. चहाबरोबर दिलं जाणारं एक साधं ग्लुकोज बिस्किट वीसेक कॅलरींचं असतं. सकाळी एक, संध्याकाळी दोन दिली की १० किलोच्या कुत्र्याचा दिवसाचा कोटा संपला, तोही मैदा-साखरेवर. घरात चारपाच माणसं असली की प्रत्येक जण आपलं एकेक देतो आणि कुणाच्याच लक्षात येत नाही. यावर उपाय एकच: दिवसाचा खाऊ सकाळी एका डबीत काढून ठेवायचा, जो कोणी देईल त्यानं त्याच डबीतून द्यायचा आणि डबी रिकामी झाली की दिवस संपला.

आणि जेवढा खाऊ तेवढं जेवण कमी. ५५ कॅलरी म्हणजे सुमारे १५ ग्रॅम कोरडं तयार खाद्य, किंवा घरच्या जेवणावर असलेल्या कुत्र्याची अर्धी पोळी.

काय घालायचं नाही

कांदा आणि लसूण कुठल्याही रूपात नको. मटणाच्या दुकानातून आणलेल्या तयार मसाल्यात, सूपच्या पाकिटात आणि क्यूबमध्ये दोन्ही असतात. द्राक्षं, मनुका, बेदाणे, चॉकलेट, कॉफी, जायफळ, मॅकाडेमिया नको. मीठ आणि गूळ-साखर घालायची गरज नाही. शेंगदाण्याचं बटर विकत घेतलंत तर लेबल शेवटपर्यंत वाचा. झायलिटॉल नावाची गोडी त्यात असली तर ती कुत्र्याची रक्तशर्करा झपाट्यानं पाडते आणि यकृत बिघडवते. घरचे शेंगदाणे वापरत असाल तर निवडून घ्या. खवट, काळपट, बुरशी धरलेल्या दाण्यांतलं विष कुत्र्यांना फार कमी मात्रेत बाधतं.

पंज्यांच्या रश्श्याच्या वड्या

कोंबडीच्या दुकानात पंजे वेगळे मागितले तर स्वस्तात मिळतात. बरेच दुकानदार ते बाजूलाच काढून ठेवतात. पंज्यात मांस जवळपास नसतं. असते ती कातडी, स्नायूबंध आणि कूर्चा (सांध्यातलं मऊ, चिवट हाड), म्हणजे भरपूर कोलॅजेन हे प्रथिन. ते मंद आचेवर शिजून पाण्यात उतरलं की त्याचं जिलेटिन होतं आणि रस्सा थंड झाल्यावर थरथरता घट्ट होतो.

अपेक्षा मात्र नेमकी ठेवा. या वडीतून कुत्र्याला प्रथिनं मिळतात, कूर्चेतली द्रव्यं थोडीफार मिळतात, पाणी पोटात जातं. पण झिजलेली कूर्चा यानं परत उगवत नाही. वडीचा खरा फायदा वेगळा आहे. एका वडीत ५ ते ८ कॅलरी असतात, कुत्रे तिच्यामागे वेडे होतात आणि गोळी लपवायला याच्याइतकी सोयीची दुसरी जागा नाही.

साहित्य: ५०० ग्रॅम पंजे, ७५० मि.ली. पाणी, अर्धा लहान चमचा हळद, चिमूटभर ताजी मिरपूड. बस.

पंजे धुऊन उकळत्या पाण्यात एक मिनिट टाका आणि लगेच थंड पाण्यात घ्या. बाहेरची पिवळी साल सैल होते, ती घोट्यापासून बोटांकडे मोज्यासारखी ओढून काढा. जास्त वेळ उकळलं तर साल आतल्या कातडीला चिकटून बसते आणि मग नखानं खरवडत बसावं लागतं. नखं पहिल्या पेरासकट कात्रीनं कापून टाका. दुकानदाराकडून साल आणि नखं काढूनच आणलीत तर अर्धं काम वाचतं.

कुकरमध्ये पंजे आणि पाणी घ्या. मोठ्या आचेवर एक शिट्टी झाली की आच अगदी बारीक करून ४५ मिनिटं ठेवा. शेळीचे पाय वापरत असाल तर ७५ मिनिटं. कुकर आपोआप थंड होऊ द्या. झाकण उघडल्यावर एक पंजा चिमटीत धरा, कातडी बोटांतून ओघळली पाहिजे. तशी झाली नाही तर आणखी १५ मिनिटं.

आता सगळ्यात काळजीचं काम. रस्सा बारीक गाळणीतून गाळा, मग स्वच्छ सुती फडक्यातून पुन्हा एकदा. पंज्यात बारीक हाडं भरपूर असतात, शिजल्यावर ती टोकदार तुकड्यांत मोडतात आणि कुत्र्याच्या आतड्यात रुतू शकतात. गाळलेला चोथा कुत्र्याला द्यायचा मोह होतो, देऊ नका. तो पिशवीत बांधून, कुत्रा पोचणार नाही अशा जागी टाका. घरातल्या कचऱ्याच्या डब्यातून हीच हाडं शोधून खाल्लेली कुत्री दवाखान्यात येतात.

गाळलेल्या रश्श्यात हळद आणि मिरपूड ढवळून भांडं रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. सकाळी वर चरबीचा पिवळा थर गोठलेला असतो. चमच्याची कड त्याखाली घालून तो सगळा उचलून टाका. हा टप्पा गाळू नका. कॅलरी तर वाढतातच, शिवाय स्वादुपिंडाचा त्रास झालेल्या कुत्र्याला एवढ्या चरबीनंही पुन्हा उलट्या सुरू होऊ शकतात. खाली उरलेली जेली चमच्यानं दाबली तर दबून परत वर आली पाहिजे. ती किंचित गरम करून बर्फाच्या ट्रेमध्ये २०-२० मि.ली. ओता. सुमारे ३० वड्या होतात. दहा किलोच्या आतल्या कुत्र्यासाठी ट्रेचे खण अर्धेच भरा.

जेली लागलीच नाही तर कारण बहुतेक वेळा जास्त पाणी हे असतं. रस्सा उघड्या भांड्यात आटवून ६०० मि.ली.च्या खाली आणा. तरीही पातळ राहिला तर बिनस्वादाचं जिलेटिन मिळतं, ते २५० मि.ली. रश्श्याला २० ग्रॅम घ्या. आधी चार चमचे थंड पाण्यात पाच मिनिटं भिजवून मग गरम रश्श्यात विरघळवा, उकळू नका. चायना ग्रासनंही वडी पडते, पण ती समुद्री शेवाळातली पिष्टमय गोष्ट आहे, तिच्यात कोलॅजेन नाही. आणि रश्श्यात कच्ची पपई, अननस किंवा किवी घालू नका. या फळांतली पाचकद्रव्यं जिलेटिन तोडतात आणि वडी कितीही वेळ ठेवली तरी लागत नाही.

वड्या फ्रीजमध्ये तीन ते चार दिवस, फ्रीझरमध्ये दोन महिने टिकतात. फ्रीझरमधून काढलेली वडी दहा मिनिटं बशीत ठेवून मग द्या. दात झिजलेल्या म्हाताऱ्या कुत्र्याला दगडासारखा बर्फ चावायला लावू नये. जिलेटिन ३५ अंशांच्या आसपास वितळतं, त्यामुळे नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात ओट्यावर ठेवलेली वडी बघता बघता रस्सा होते. ती लगेच वाटीत दिली तर काही बिघडत नाही. पण वीज जाऊन फ्रीझर तासन्‌तास बंद राहिला आणि वड्या वितळून परत गोठल्या, तर सगळा ट्रे टाकून द्या.

मूत्रपिंडाचा आजार असलेल्या कुत्र्याला हा रस्सा डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. कोंबडीची ॲलर्जी असेल तर शेळीचे पाय वापरा.

तारली आणि नाचणीची बिस्किटं

तारली हा आपल्या किनाऱ्यावरचा तेलकट मासा, स्वस्त आणि सांध्यांना उपयोगी अशा ओमेगा-३ चरबीचा चांगला साठा असलेला. मोठ्या माशांच्या तुलनेत त्यात पाराही कमी असतो. तारली नसेल तर बांगडा चालतो. सुका मासा बाजारात मीठ लावलेला मिळतो, तो नको.

साहित्य: शिजवून काटे काढलेली तारली १५० ग्रॅम, नाचणीचं पीठ १०० ग्रॅम, मिक्सरमध्ये दळलेले साधे ओट्स ६० ग्रॅम, उकडून कुस्करलेलं रताळं १२० ग्रॅम, एक अंडं, अर्धा लहान चमचा हळद.

तारली साफ करून डोकं आणि आतडी काढा, थोड्या पाण्यात कुकरला बारीक आचेवर अर्धा तास ठेवा. एवढ्या वेळात बारीक काटे बोटानं चुरडले जातात. तरी मधला कणा ओढून काढाच आणि मासा ताटात पसरून दोन बोटांनी चाचपा. बांगड्याचे काटे जाड असतात, ते अजिबात ठेवायचे नाहीत.

सगळं एकत्र मळा. नाचणीत चिकटपणा नसतो, त्यामुळे पीठ सुरुवातीला भुसभुशीत लागतं आणि हात लगेच पाण्याच्या भांड्याकडे जातो. पाणी घालू नका. गोळा झाकून २० मिनिटं ठेवा. ओट्स रताळ्यातलं पाणी ओढून घेतात आणि गोळा बांधला जातो. तेवढ्यानंही फुटत असेल तर चमचाभर रताळं आणखी घाला. उलट हाताला चिकटत असेल तर ओट्स घाला. दोन प्लॅस्टिकच्या कागदांमध्ये ठेवून ६ मि.मी. जाडीची पोळी लाटा आणि ३ सें.मी.चे चौकोन कापा. सुमारे ८० तुकडे होतात, प्रत्येकी अंदाजे १२ कॅलरी.

ओव्हन १६० अंशांवर गरम करून ३० मिनिटं भाजा, उलटून आणखी १० मिनिटं. मग ओव्हन १०० अंशांवर आणून ४० मिनिटं वाळवा. ओव्हन नसेल तर केकसारखं करा. कुकरची शिट्टी आणि रबर काढा, तळाला मिठाचा थर पसरून त्यावर जाळी ठेवा, दहा मिनिटं तापवा आणि ताटलीत बिस्किटं मांडून बारीक आचेवर ३५ ते ४० मिनिटं ठेवा. ताटली मिठाला टेकता कामा नये. कुकरमध्ये वाफ आत राहते, म्हणून नंतर ही बिस्किटं जाड तव्यावर उघडी ठेवून अगदी मंद आचेवर वाळवावी लागतात.

झाली की नाही हे रंगावरून कळत नाही, नाचणी आधीपासूनच काळपट असते. काट्यावर टाका. कच्च्या गोळ्याचं वजन ४८० ग्रॅमच्या आसपास भरलं असेल, तर नीट वाळलेली सगळी बिस्किटं मिळून २६० ते २८० ग्रॅम भरली पाहिजेत. ३२० भरली तर आत ओल आहे. वरून कडक आणि मधे लोण्यासारखी मऊ अशी बिस्किटं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आतून बुरशी धरतात आणि माशाच्या वासामुळे बुरशीचा वास लक्षातही येत नाही. म्हणून सगळ्यात जाड तुकडा मोडून बघायचाच. मधली रेघ गडद, चकचकीत दिसली तर परत ओव्हनमध्ये.

पूर्ण थंड झाल्यावरच डब्यात भरा. कोमट भरली तर झाकणाखाली घाम येतो. नीट वाळली तरी त्यातलं माशाचं तेल हवेत खवट होतं, म्हणून फ्रीजमध्ये आठवडा, फ्रीझरमध्ये दोन महिने. पावसाळ्यात बाहेर एक दिवसही ठेवू नका.

माशाचं तेल: मुख्य गोष्ट

घरच्या खाऊबरोबर देता येणाऱ्या गोष्टींमध्ये सांधेदुखीवर ज्यामागे सगळ्यात भक्कम आधार आहे, ती म्हणजे इपीए आणि डीएचए ही माशातली ओमेगा-३ आम्लं. वरच्या एका बिस्किटात दोन ग्रॅमसुद्धा मासा येत नाही, त्यामुळे निव्वळ बिस्किटांवर उपयोगी मात्रा गाठता येत नाही. तेल वेगळं द्यावं लागतं.

कॅप्सूलच्या डबीवर पुढे मोठ्या अक्षरांत १००० मि.ग्रॅ. लिहिलेलं असतं, ते एकूण तेल. मागच्या बाजूला इपीए आणि डीएचए बघा. साध्या कॅप्सूलमध्ये बहुधा १८० आणि १२०, म्हणजे मिळून ३००. आपला हिशेब या ३०० वर चालतो. सुरुवात कुत्र्याच्या दर किलोला ३० मि.ग्रॅ.नं करा, आठवडाभर शी पातळ झाली नाही तर ५० ते ६० वर न्या. १० किलोच्या कुत्र्याला रोज दोन साध्या कॅप्सूल, ३० किलोच्याला पाच. सांधेदुखीसाठी डॉक्टर याच्या दुपटीहून जास्तही देतात, पण किलोला १०० च्या वर त्यांच्या देखरेखीतच जायचं. तेवढ्या मात्रेला साध्या कॅप्सूलऐवजी इपीए-डीएचए जास्त असलेल्या घ्या. प्रत्येक कॅप्सूल म्हणजे एक ग्रॅम चरबी, ९ कॅलरी, आणि सहा कॅप्सूलमध्ये छोट्या कुत्र्याचा सगळा खाऊ संपतो.

कॅप्सूल टोचून तेल जेवणावर पिळा, किंवा पूर्ण थंड झालेल्या वडीवर. बिस्किटाच्या पिठात घालून भाजू नका, उष्णतेनं आणि हवेनं हे तेल बिघडतं. महिन्यातून एकदा एक कॅप्सूल फोडून वास घ्या. समुद्राचा वास ठीक, जुन्या तेलरंगासारखा उग्र वास आला तर डबी टाका. कॉड माशाच्या यकृताचं तेल वेगळं असतं. त्यात अ आणि ड जीवनसत्त्वं जास्त असतात आणि ती अंगात साठतात, म्हणून सांध्यांच्या मात्रेइतकं ते देता येत नाही.

सगळं जुळवून १० किलोच्या कुत्र्याचा दिवस असा बसतो: दोन बिस्किटं, दोन वड्या, दोन कॅप्सूल. मिळून ५५ च्या आसपास कॅलरी. ३० किलोच्याला चार बिस्किटं, चार वड्या, पाच कॅप्सूल.

हळद, जवस, ग्लुकोसामाइन, कॅल्शियम

जवसाबद्दल स्पष्ट सांगायला हवं, कारण विदर्भात ते घरोघरी असतं आणि कुत्र्याच्या भाकरीत प्रेमानं घातलं जातं. जवसातलं ओमेगा-३ वेगळ्या प्रकारचं आहे. कुत्र्याच्या शरीरात त्यातलं अगदी थोडंच इपीएमध्ये बदलतं. कातडी-केसांसाठी चमचाभर दळलेलं जवस ठीक, पण माशाच्या तेलाची जागा ते घेत नाही.

हळदीतला कुरकुमिन हा घटक पावडरीत तीनेक टक्केच असतो आणि पोटातून रक्तात फार कमी शिरतो. मिरपूड आणि थोडी चरबी यांच्या सोबतीनं तो जरा बरा शोषला जातो, म्हणून वडीत मिरपूड आहे. कुत्र्यांमध्ये हळदीचा पुरावा अजून तोकडा आहे, त्यामुळे स्वयंपाकाच्या प्रमाणात घाला, चमचे वाढवू नका. हळकुंडं आणून दळून घेतलेली हळद उत्तम. सुट्या पावडरीत चमकदार रंगासाठी शिशाचा रंग मिसळल्याची प्रकरणं झाली आहेत. पित्ताशयाचा आजार असेल किंवा रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर हळद वगळा.

सांध्यांसाठी विकल्या जाणाऱ्या ग्लुकोसामाइनच्या गोळ्या बहुतेक कुत्र्यांना सोसतात, मात्र अभ्यासांचे निकाल एकमेकांशी जुळत नाहीत. पैसे मोजकेच असतील तर ते आधी माशाच्या तेलावर खर्च करावेत, असं आमचं मत. माणसांच्या चघळायच्या गोळ्या झायलिटॉलमुळे धोक्याच्या. न शिजवलेल्या टाइप-२ कोलॅजेनची पूरकं मिळतात, ती गरम रश्श्यात मिसळायची नाहीत, उष्णतेनं त्यांचं काम संपतं. न्यूझीलंडच्या हिरव्या शिंपल्यांची पूडही सांध्यांसाठी विकत मिळते. कोकणातले शिनाणे त्यांच्याच कुळातले. स्वच्छ पाण्यातले, बिनमिठाचे उकडून, न उघडलेले टाकून, बारीक चिरून एखादा दिला तर कुत्रा आनंदानं खातो, पण त्यातून औषधाची मात्रा मिळेल असं धरू नका.

आणि कॅल्शियम. लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड, गोल्डन रिट्रीव्हर, ग्रेट डेन अशा मोठ्या जातींच्या पिल्लाला 'हाडं मजबूत व्हावीत' म्हणून सिरप पाजायची पद्धत आपल्याकडे फार आहे. चांगलं तयार पिल्लांचं खाद्य खाणाऱ्या पिल्लाला वरून कॅल्शियम दिलं तर हाडांची आणि सांध्यांची वाढ बिघडते. पिल्लाचं आतडं नको असलेलं कॅल्शियम नीट अडवू शकत नाही. अंड्याच्या कवचाची पूडही याच कारणानं पिल्लाला नको. घरच्या अन्नावरच्या पिल्लाला कॅल्शियम लागतं, पण किती ते डॉक्टरांनी आहार बघून ठरवायचं.

मांस-मासे न शिजवणारं घर

बिस्किटात तारलीच्या जागी १०० ग्रॅम घट्ट दही आणि ५० ग्रॅम दळलेले भाजके शेंगदाणे घ्या. अंडं चालत नसेल तर रताळं थोडं वाढवा, वाळायला वेळ जास्त लागेल. शेंगदाण्यांमुळे एक बिस्किट १४ कॅलरींपर्यंत जातं. जिलेटिन प्राणिजन्य असतं, म्हणून वडीऐवजी उकडलेल्या लाल भोपळ्याचा गर ट्रेमध्ये गोठवा. ओमेगा-३ साठी समुद्री शेवाळातून काढलेलं तेल मिळतं, त्यात इपीए आणि डीएचए दोन्ही आहेत का हे बघून घ्या. वजन उतरवायचं असेल तर काकडीच्या चकत्या, गाजराचे तुकडे, उकडलेली फरसबी. यांच्या कॅलरी इतक्या कमी की मोठ्या कुत्र्याची खाखा यावर निभावते.

सुरुवात आणि नोंद

तिन्ही गोष्टी एकदम सुरू करू नका. आधी पाच दिवस फक्त वड्या, अर्ध्या प्रमाणात. मग बिस्किटं. मग तेल. कान लाल झाले, अंग खाजायला लागलं, शी पातळ झाली, तर कशानं झालं ते लगेच कळतं.

घरातल्या गुळगुळीत फरशीवर कुत्र्याचे मागचे पाय फाकत असतील तर खाऊइतकंच तिथे लक्ष द्या. तो जिथून उठतो तिथपासून पाण्याच्या भांड्यापर्यंत रबराची चटई किंवा सतरंजी टाका, नखं आणि पंजाच्या गाद्यांमधले केस कापा.

तेलाचा परिणाम दिसायला सहा ते आठ आठवडे जातात आणि रोज बघणाऱ्या माणसाला हळूहळू होणारा फरक कळत नाही. म्हणून पहिल्या दिवशी, झोपेतून उठताना आणि पुढची वीस पावलं चालताना त्याचा मोबाइलवर व्हिडिओ घ्या. दर पंधरा दिवसांनी त्याच जागी, सकाळच्या त्याच वेळेला, बाजूनं आणि मागून. त्याखाली वजन लिहा आणि किती पायऱ्या स्वतःहून चढला ते लिहा. आठ आठवड्यांनी पहिला आणि शेवटचा व्हिडिओ एकापाठोपाठ बघा. फरक नसेल तर तेच व्हिडिओ, तेलाचं लेबल आणि रोजच्या खाऊचं प्रमाण घेऊन डॉक्टरांकडे जा. कुठली शस्त्रक्रिया ठरली असेल तर माशाचं तेल आणि हळद चालू आहे हे आधीच सांगा, रक्त गोठायला वेळ लागू नये म्हणून ते काही दिवस थांबवायला सांगू शकतात.